जोडवी बाटलीत होती

नाक दाबू नका, मित्रांनो. माझ्यात आता वास उरलेला नाही. मी सांगलीतल्या एका कॉलेजच्या रसायनशाळेतला जुना किप आहे, म्हणजे वायू तयार करायचे काचेचे उपकरण. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला कधी पाहिले नसेल, म्हणून माझे रूप आधी सांगतो. काचेचे तीन गोल एकावर एक बसवलेले, वरच्या गोलाची लांब नळी थेट तळच्या गोलात उतरलेली आणि मधल्या गोलाच्या कुशीतून एक तोटी बाहेर आलेली. ज्या परदेशी गृहस्थाने मला पहिल्यांदा योजले त्याचेच नाव मला मिळाले. मुलांनी मात्र माझे पुन्हा बारसे केले आणि 'ढेरपोट्या' असे नाव ठेवले.

मला एका कारागिराने भट्टीपुढे बसून फुंकरीने घडवले. गाल फुगवून फुगवून बिचाऱ्याचे डोळे लाल झाले होते. माझ्या शेजारच्या फळीवर अत्तराच्या नाजूक कुप्या मांडलेल्या असत. त्यांच्याकडे पाहून मला वाटे, एवढ्याशा कुपीत इतका सुगंध मावतो, तर माझ्या तीन तीन पोटांत किती मावेल! आपण एखाद्या राजवाड्यातच जाणार, अशी माझी खात्री झाली होती. मग मला गवतात गुंडाळून खोक्यात घातले, आगगाडीने सांगलीला आणले आणि माझ्या मधल्या पोटात काळे ओबडधोबड खडे भरले. वरून आम्ल ओतले. कुणीतरी तोटी उघडली. खोलीतली सारी माणसे नाकाला रुमाल लावून दाराकडे धावली.

त्या दिवशी मला जी लाज वाटली ती मी आजवर विसरलो नाही. माझ्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू निघत होता. सडक्या अंड्यांच्या टोपलीत तोंड घातल्यावर येईल, तसा त्याचा वास. राजवाडा राहिला बाजूला, मला मोठ्या प्रयोगशाळेतसुद्धा जागा मिळाली नाही. मागच्या व्हरांड्याच्या टोकाला एक अरुंद खोली होती. तिथे माझी रवानगी झाली.

पण मला टाळून कुणाचे भागत नसे. विद्यार्थ्यांना एक पूड दिली जाई आणि तिच्यात कोणते धातू आहेत ते ओळखायला सांगत. ती पूड विरघळवून परीक्षानळी घेऊन ते माझ्या दारी येत. मी त्या पाण्यात वायूचे बुडबुडे सोडले की तळाशी साका जमे. काळा साका आला तर तांबे किंवा शिसे असावे, पिवळाधमक आला तर कॅडमियम, नारिंगी आला तर अँटिमनी. काम झाले की तोटी बंद करायची. मग माझाच वायू आम्लाला खड्यांपासून दूर ढकलून देई आणि मी आपोआप गप्प होई. साका मिळाला की मुले नाक मुरडत निघून जात. गरज सरो नि वैद्य मरो!

माझी देखभाल यल्लाप्पाकडे होती. हा प्रयोगशाळेतला शिपाई, कर्नाटकच्या सीमेकडचा. खडे बदलणे, आम्ल भरणे, तोटीला व्हॅसलीन चोपडणे ही कामे तो करी आणि करता करता मला कानडीतून शिव्या देई. तो तरी काय करणार? माझी तोटी सैल झाली होती. थोडा थोडा वायू निसटतच राही, आणि तो हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचून राही.

अशा या खोलीत १९६९ साली विजयमाला आली. पलूसजवळच्या एका खेड्याची ती सून होती. तिचा नवरा मानसिंग फौजेत होता. रजेवर आला असताना त्यानेच आपल्या आईवडिलांपाशी हट्ट धरला होता, "आपल्या हायस्कुलात सायन्सला मास्तर टिकंना. हिला शिकू द्या. हीच शिकवंल." ते खरेच होते. त्या हायस्कुलात विज्ञानाचा शिक्षक वर्षभरसुद्धा राहत नसे, आणि विज्ञानाच्या तासाला पोरे मैदानातले दगड वेचत. सासू-सासऱ्यांनी मुलाचा शब्द मोडला नाही. विजयमाला आठवडाभर माधवनगरला मामांकडे राही, शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.ने सासरी जाई आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत येई.

पहिल्या दिवशी ती माझ्यापुढे उभी राहिली तेव्हा तिने नाक दाबले नाही. बुडबुड्यांकडे टक लावून पाहत राहिली. नळीत पिवळा साका जमला तशी आपल्या मैत्रिणीला म्हणाली, "लीला, बघ तरी! शेवंतीसारखा पिवळा आलाय!" मित्रांनो, मी संकोचून गेलो. माझ्याविषयी कुणी कधी चांगले बोलले नव्हते.

तिला एक सवय होती. खोलीत दुसरे कुणी नसले की ती भिंतीकडे तोंड करून शिकवायची तालीम करी. "मुलांनो, हा वायू कसा तयार होतो? ह्या खड्यांत लोखंड आणि गंधक एकत्र बांधलेले असतात." मग भिंतीतला एखादा पोपडा म्हणजे मागच्या बाकावरचा खोडकर मुलगा समजून त्याला दटावी, "ए, तिकडं काय बघतोस? सांग बरं, तोटी बंद केल्यावर काय होईल?" पोपडा उत्तर देत नसे. मला उत्तर येत असे, पण मला कोण विचारतो? तिचे ते शिकवणे इतके सोपे होते, की मी स्वतःविषयी पुष्कळ गोष्टी तिच्याकडूनच शिकलो.

आता ज्या गोष्टीसाठी मी बोलायला सुरुवात केली ती सांगायला मला जड जाते. एके दिवशी प्रयोग संपवून ती निघाली आणि दारातच थबकली. तिच्या पायांतली चांदीची जोडवी काळी ठिक्कर पडली होती. माझा जमिनीलगत साचलेला वायू चांदीला लागला होता. चांदी आणि गंधक यांचे असेच आहे, भेटले की काळे होतात. ही गोष्ट विजयमालाला तोंडपाठ होती. तिने जोडवी चिंचेने आणि राखेने घासली, पण सांदीत काळे राहिलेच. शनिवारी सासूने विचारले, "जोडवी अशी का गं दिसत्यात?" त्यावर ती म्हणाली, "सांगलीचं पाणीच तसं हाय."

लीलाने तिला माझ्यासमोरच टोकले, "अगं, खरं का सांगितलं नाहीस?"

"आत्याबाईंना काय कळणार त्यातलं?" विजयमाला म्हणाली. तिच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची रीत होती. "वायू म्हटलं की त्यांना वाटायचं, पोर विषात हात घालतीय. कॉलेज बंद पडंल माझं. शिवाय असला घाण वास घेऊन शिकतीय हे सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?"

माझ्या वासाची तिला लाज वाटत होती, तर! मला कसनुसे झाले, पण मी काय बोलणार? खोटे तर ती बोलत नव्हती.

मग तिने एक युक्ती काढली. माझ्या खोलीत यायच्या आधी ती जोडवी काढी, काचेच्या बुचाच्या रुंद तोंडाच्या बाटलीत टाकी आणि बूच घट्ट बसवून बाटली माझ्या समोरच्या फळीवर ठेवी. बाटलीत वायूचा शिरकाव होत नसे. काम आटोपले की पुन्हा जोडवी घाली. यल्लाप्पाला हे मुळीच पसंत नव्हते. "आक्का, सवाष्णीनं जोडवी काढू नाही," तो म्हणे. ती हसून म्हणे, "मामा, बाटलीत हायत. कुठं जात्यात?" युक्ती हुशारीची होती, यात शंका नाही. बरेच महिने ती चाललीही.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई पेटली. मानसिंगची पलटण आघाडीवर होती. कुठे होती ते घरी कुणालाच ठाऊक नव्हते. यल्लाप्पा रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्या ऐकून येई आणि विजयमालाला सांगे. ती ऐकून घेई, मान हलवी आणि परीक्षानळ्या धूत बसे. दोन नळ्या तिने त्या आठवड्यात फोडल्या. भिंतीला शिकवणेही बंद झाले होते.

त्या शनिवारी तिला दिलेली पूड अवघड निघाली. साका नीट जमेना, म्हणून ती पुन्हा पुन्हा माझ्याकडे येत राहिली. शेवटी काळा साका आला तेव्हा व्हरांड्यात उन्हे उतरली होती. तेवढ्यात लीला धावत आली, "विजयमाला, तुझी एस.टी.! स्टँडवर गर्दी उसळलीय म्हणतात." विजयमालाने नळी ठेवली, हात धुतले, चपला पायांत सरकवल्या आणि पळाली.

बाटली फळीवरच होती.

मी ओरडलो असतो, मित्रांनो, पण माझी तोटी बंद होती. उघडी असती तरी माझ्यातून काय निघाले असते, तुम्हीच सांगा. यल्लाप्पाने खोलीला कुलूप लावले. आम्ही दोघे आत राहिलो, मी आणि ती जोडवी. बाटलीत ती स्वच्छ, पांढरी चकचकीत होती. इतकी स्वच्छ होती की त्यांच्याकडे पाहवत नव्हते.

पुढे तिच्या घरी काय घडले ते मी पाहिले नाही. सोमवारी तिनेच रडत रडत यल्लाप्पाला सांगितले, ते ऐकून मी तुम्हाला सांगतो.

बाहेरून आलेल्या माणसाने पाय धुऊनच घरात यायचे, अशी त्या घरची शिस्त होती. सून शनिवारी आली की सासू रंगूबाई स्वतः तांब्या घेऊन दारात येई आणि तिच्या पायांवर पाणी घाली. मुलगा दूर असल्याने त्याची सगळी माया ती सुनेवर करी. त्या दिवशीही ती तांब्या घेऊन आली. दिवेलागण झाली होती. पाणी घालता घालता रंगूबाईची नजर सुनेच्या बोटांवर गेली. बोटे उघडी होती. जोडव्यांच्या जागी नुसते वळ होते.

सवाष्ण बाई जोडवी उगाच काढत नाही. ती कधी उतरतात, हे गावाकडच्या लहान पोरालाही ठाऊक असते. रंगूबाईला वाटले, सांगली मोठे गाव, फौजेची बातमी तिथे आधी पोचली असणार, आणि पोरीच्या तोंडून शब्द फुटत नाही म्हणून ती अशीच दारात येऊन उभी राहिली आहे. तिच्या हातातला तांब्या पडला. "माझ्या मान्याऽ" म्हणून तिने हंबरडा फोडला.

आणि विजयमालाला वाटले, बातमी घरी आली आहे! तार आली असेल आणि आपली वाट पाहत सासूने दुःख दाबून धरले असेल. तिनेही सासूच्या गळ्यात पडून आकांत मांडला. सुनेचे रडणे ऐकून सासूची शंका फिटली आणि सासूचे ऐकून सुनेची. दोघींनी एका जिवंत माणसासाठी ऊर बडवून घेतला.

गल्ली गोळा झाली. शेजारची साळूबाई जुन्या रीतीची बाई. तिने रडत रडतच विजयमालाचा हात धरला आणि उंबऱ्यापाशी दगडावर आपटून हिरव्या बांगड्या फोडल्या. तिने दुसरा हात धरला, तोच सासरे नाथाजी रानातून आले. ते स्वतः जुने फौजी. दारातली गर्दी पाहून त्यांनी विचारले, "तार कुटं हाय?"

साळूबाईने विजयमालाचा हात सोडला.

"आगं, कागूद आला आसंल न्हवं? कुणी आनला? दावा मला."

"हिनंच आनलीया की बातमी सांगलीस्नं," रंगूबाई म्हणाली.

"मी?" विजयमाला म्हणाली. "मी कुटं आनली? आत्याबाई, तुमीच रडाय लागलासा."

"आगं, मग तुजी जोडवी कुटं हायती?"

विजयमालाने खाली पाहिले. तिला जोडवी तेव्हा आठवली.

"बाटलीत," ती म्हणाली. "जोडवी बाटलीत हायती."

मित्रांनो, ऐकायला हे हसू येण्यासारखे आहे. गर्दीतही कुणीतरी हसले म्हणे. पण साळूबाईच्या हातात बांगड्यांचे तुकडे होते, विजयमालाच्या मनगटातून रक्त येत होते, आणि नाथाजी भिंतीला टेकून खाली बसले होते. आघाडीवरच्या माणसाच्या घरात कुणी अभद्र शब्दसुद्धा काढत नाही, आणि इथे त्याचा शोकच करून झाला होता. रविवारी विजयमाला माजघरातून बाहेर आली नाही. ओट्यापुढून जाणाऱ्या बाया मुद्दाम मोठ्याने बोलत होत्या, "शिकली सवरली, आन् आपलं सौभाग्य बाटलीत घालून ठिवलं." तिने पुस्तकांचे गाठोडे बांधले आणि माळ्यावर टाकले.

सोमवारी सकाळी यल्लाप्पाने माझ्या खोलीचे कुलूप काढले, तर त्याच्यामागे विजयमाला उभी. तिच्या पायांच्या बोटांना जोडव्यांऐवजी हळदीत भिजवलेला दोरा गुंडाळला होता. एका हातात बांगड्या होत्या, दुसऱ्या मनगटाला फडके बांधलेले होते. तिच्यामागे हिरव्या लुगड्यातली एक बाई पदर नाकाला लावून आत आली. हीच रंगूबाई, हे मला लगेच समजले.

विजयमालाने सगळे सांगितले आणि म्हणाली, "मामा, जोडवी न्यायला आलोय. सरांना सांगा, माझं नाव काढून टाका. मी आता येणार न्हाई."

"आवं आक्का, परीक्षा तोंडावर आली की!" यल्लाप्पा म्हणाला.

"कुठल्या तोंडानं देऊ परीक्षा? ज्या पोरांना शिकवायचं त्यांच्या आयांनी बघितलंय सगळं. वर्गात पाय ठेवला की पोरं माझ्या पायाकडं बघतील."

यल्लाप्पाने बाटली काढून दिली. विजयमाला खाली बसून जोडवी घालू लागली. रंगूबाई मात्र माझ्याकडे पाहत होती. मी आयुष्यात पुष्कळ नजरा सोसल्या होत्या, पण त्या नजरेपुढे मला वाटले, तडा जावा आणि एकदाचे फुटून जावे.

"ह्येच का गं त्ये?" तिने विचारले. "ह्येच्यापायी जोडवी काढत हुतीस?"

"व्हय."

"काय करतंय ह्ये?"

विजयमाला बोटातले जोडवे फिरवत राहिली. मान वर करेना.

"आगं, बोल की. तोंडात गूळ धरलाईस व्हय?"

मग विजयमाला बोलू लागली. सुरुवातीला तिच्या तोंडून पुस्तकातले इंग्रजी शब्दच आले, आणि तिचे तिलाच ओशाळे वाटून ती थांबली. मग तिने घरच्या बोलीत सुरुवात केली. "आत्याबाई, ह्या खड्यात लोखंड आन् गंधक हाय. वरनं आंबट पानी पडलं की गंधकाचा वास सुटतो. त्यो वास जड आसतो, भुईला बसतो. चांदीला लागला की चांदी काळी हुती. तवा जोडवी काळी पडली हुती ती ह्येनं."

"सांगलीच्या पान्यानं न्हवं?"

"न्हाई."

रंगूबाईने नाकावरचा पदर काढला. खाली बसली, आणि आपल्या पायातले एक जोडवे ओढून काढून सुनेपुढे धरले. "ह्येला लाव बगू त्यो वास."

विजयमाला दचकून मागे सरली. "आवं, न्हाई! तुमचं नगं. मामंजी घरात हायती..."

"तूच म्हनलीस न्हवं, वासानं हुतं म्हून? मग मामंजीचा काय संबंद?" रंगूबाई म्हणाली. "का तुजं तुलाच खरं वाटंना?"

विजयमालाचे तोंड उतरले. खरे सांगायचे तर, मित्रांनो, शनिवारच्या त्या प्रकारानंतर तिच्याही मनात भीती शिरली होती. सगळी समीकरणे पाठ, पण सासूचे जोडवे हातात घ्यायला तिचा हात धजेना. ते तिला स्वतःलाही कळले आणि ती लाजेने लाल झाली. शेवटी तिने जोडवे पाण्यात बुडवून माझ्या नळीच्या तोंडाशी धरले. यल्लाप्पाने तोटी उघडली.

मी आजवर इतक्या जपून कधी वायू सोडला नव्हता. जोडवे आधी पिवळसर झाले, मग तपकिरी, मग काळे. रंगूबाईने नजर हलवली नाही. तोटी बंद झाली. तिने ते हातात घेतले, पदराने पुसले, पण काळे गेले नाही. तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि मोठा उसासा सोडला. दोन दिवस तिच्या छातीवर जे दडपण होते ते त्या उसाशाबरोबर उतरले असावे.

"दोन वरसं झाली," ती म्हणाली. "दर शनवारी तुज्या पायावर पानी घालतीय. आदी का न्हाई सांगितलंस गं मला?"

विजयमालाने रिकाम्या बाटलीला बूच लावले. मग अगदी हळू म्हणाली, "मला वाटलं, तुमाला कळायचं न्हाई."

रंगूबाई रागावली असती तर बरे झाले असते. ती रागावली नाही.

"व्हय, मी अडानीच," ती म्हणाली. "पर तू जी पोरं शिकवनार हाईस, ती कुनाची गं? आमचीच न्हवं? मग त्यास्नी तरी कसं कळंल?"

विजयमालाने दोन्ही हातांनी तोंड झाकले. यल्लाप्पा उगाच फळीवरच्या बाटल्या सारख्या करू लागला. दोन वर्षे ती माझ्यासमोर भिंतीला शिकवत होती, भिंतीच्या पोपड्याला प्रश्न विचारत होती, आणि घरी पायांवर पाणी घालणाऱ्या माणसाला तिने एक शब्द सांगितला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पोरीची ती मान खाली गेलेली मला आजही दिसते.

रंगूबाईने काळे जोडवे तसेच पायात घातले. विजयमाला म्हणाली, "आत्याबाई, द्या, घासून देते." रंगूबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मला लागनार हाय त्ये." आणि सुनेला कॉलेजात सोडून ती एकटीच परत गेली.

ते कशासाठी लागणार होते, ते पुढच्या आठवड्यात कळले. विजयमाला लीलाला सांगत होती. रंगूबाई गावात उतरली ती घरी न जाता थेट साळूबाईच्या ओट्यावर गेली होती. तिने गल्लीतल्या बायांना हाका मारून गोळा केले, मधोमध पाय पसरून बसली आणि म्हणाली, "बगा. माजं बी काळं झालंया. आन् आमचं म्हातारं तर घरात मोट्यानं खाकरतंया, ऐका!" मग लोखंड, गंधक, आंबट पाणी, जड वास, सारे तिने सांगितले. पुष्कळसे चुकीचे सांगितले. खड्यात लोखंडाऐवजी कोळसा घातला आणि वास वरून खाली पडतो म्हणाली. पण शेवट बिनचूक केला, "वासानं चांदी काळी हुती. मानूस न्हाई जात त्येनं. माजी सून म्हनून तर जोडवी झाकून ठिवत हुती. तिला कुनी काय बोलायचं न्हाई."

बाया एकेक करून पुढे आल्या आणि वाकून तिच्या पायाकडे पाहू लागल्या. साळूबाई मागेच उभी होती. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः कासाराला बोलावून आणले. शनिवारी विजयमाला घरी गेली तेव्हा साळूबाईने तिला आपल्या ओट्यावर बसवून हिरव्या बांगड्या भरल्या. डोळे पुसत पुसत.

"लीला," विजयमाला म्हणाली, "माझ्या गावातला विज्ञानाचा पहिला पाठ आत्याबाईंनी दिला. आणि त्या रविवारी मी मात्र माजघरात तोंड लपवून बसले होते."

बांगड्या भरल्या त्या शनिवारच्या आधीच लढाई थांबली होती. मानसिंग खुशाल असल्याचे कार्ड पुढे आले. विजयमाला परीक्षा पास झाली, बी.एड. झाली आणि त्याच हायस्कुलात शिकवू लागली. पोरांनी तिच्या पायांकडे पाहिले की नाही, ते मला ठाऊक नाही. पण तिच्याकडे शिकून आमच्या कॉलेजात आलेली मुले सांगत, की बाईंच्या वर्गात गृहपाठ एकच असतो. आज शिकलात ते रात्री जेवताना घरी कुणाला तरी सांगायचे आणि ते काय म्हणाले ते उद्या वर्गात सांगायचे.

आता मी कपाटावर आहे. तोटी निखळली, खालच्या गोलाला चीर गेली, यल्लाप्पाही निवृत्त झाला. नव्या मुलांना माझी गरज पडत नाही. वर्षातून एकदा कुणी धूळ झटकली तर बरे वाटते, एवढेच. जन्मभर मी माझ्या वासाची लाज बाळगली. ती फुकट बाळगली, असे आता वाटते. लाज वाटायला हवी होती ती दुसऱ्याच गोष्टीची.

म्हणून, मित्रांनो, तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. आज शाळेतून घरी गेल्यावर पायांवर पाणी घालणारे, ताट वाढणारे जे कुणी असेल, त्याच्याजवळ बसा आणि आज काय शिकलात ते सांगा. सांगताना चुकले तरी चालेल. पण 'यांना काय कळणार' असे मनात आले, तर त्या विचाराची मात्र लाज धरा.